जाडी नको, वाक विचारा: लाकडी धनुष्याच्या मापांबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांमध्ये एकच विषय पुन्हा पुन्हा आला आहे. हौसेने लाकडी धनुष्यं घडवणाऱ्यांनी एकमेकांना मापं द्यायची कशी, आणि दुसऱ्याची मापं हातात आली की त्यांचं करायचं काय? उत्तरांतले काही शब्द आधी सांगून ठेवतो. पाठ म्हणजे धनुर्धारीपासून दूरची बाजू, पोट म्हणजे त्याच्याकडची. मुठीच्या वरखाली दोन बाहू. मूठ जिथे बारीक होत बाहूला मिळते तो उतार. ओढ म्हणजे दोरी किती मागे आली ते, ताण म्हणजे तेवढ्या ओढीला लागणारं बळ. दोरी जिथे अडकते ती टोकाजवळची खाच. दोरी उतरवल्यावरही लाकडात जो वाकडेपणा उरतो, तो बाक. थोडं थोडं लाकूड काढत दोन्ही बाहू हवे तसे वाकायला लावणं म्हणजे टिलरिंग, आणि त्यातून साधलेला वाक म्हणजे टिलर. हिकरी, ॲश, एल्म, मेपल, यू ही झाडांची, म्हणजे लाकडांची, नावं.

प्रश्न: मित्राने त्याच्या हिकरीच्या धनुष्याची सगळी मापं दिली. मीही हिकरीच घेतली आणि व्हर्निअर लावून मिलिमीटरच्या दशांशापर्यंत जाडी जुळवली. त्याचं धनुष्य २८ इंचांवर ४० पौंडांचं, माझं ५२ पौंडांचं. मोजण्यात कुठे चुकलो?

बहुधा मोजण्यात चुकला नाहीत. जाडी जुळवायला गेलात, चूक तिथे झाली.

रुंदी आणि ताण यांचा हिशेब सरळ आहे. रुंदी दुप्पट केली की ताण दुप्पट. जाडीचं तसं नाही, ताण जाडीच्या घनाने वाढतो. १३ मिमीचा बाहू १४ मिमीचा ठेवला तर ताण सुमारे २५ टक्के वाढतो. नुसता अर्धा मिमी जास्त राहिला तरी १२ टक्के. जाडी २६ टक्क्यांनी वाढवली की ताण दुप्पट होतो. रंध्याचे तीन-चार हात कमीजास्त झाले की एवढा फरक सहज पडतो.

दुसरं कारण लाकूड. एकाच जातीच्या दोन झाडांच्या लाकडाच्या कडकपणात २० टक्क्यांच्या आसपासचा फरक नेहमीचा आहे. एकाच झाडाचा बुंध्याजवळचा आणि वरचा भागही सारखा नसतो. तुमचंच उदाहरण घ्या. ५२ भागिले ४० म्हणजे १.३. तुमची फळी मित्राच्या फळीपेक्षा २० टक्के कडक असेल, तर उरलेल्या फरकाला जाडीत जेमतेम ०.३५ मिमी पुरे होतात. पॉलिश पेपर मारण्याआधी मोजलं की नंतर, पाठीच्या फुगवट्याच्या मध्यावर मोजलं की कडेला, एवढ्यानेही तितका फरक पडतो.

म्हणून दुसऱ्याच्या मापांतून लांबी, मुठीची आणि उताराची लांबी, रुंदीचा आराखडा, टोकाची रुंदी हे सगळं निर्धास्त उचला. जाडीचा आकडा मात्र ‘इथवर येईन तेव्हा सावध व्हायचं’ अशी खूण म्हणून ठेवा. त्याहून दीड-दोन मिमी जास्त ठेवून सुरुवात करा आणि पुढचं टिलरिंगवर सोडा. दर वेळी लाकूड काढलं की बाहू २५-३० वेळा थोडा वाकवून मगच ताण मोजायचा काटा लावायचा, कारण ताजं तासलेलं लाकूड लगेच खरं बोलत नाही. ठरवलेल्या ताणापलीकडे एकदाही ओढायचं नाही. ४० पौंडांचं धनुष्य करायचं असेल तर २० इंचांवर ४० दिसले की तिथेच थांबा आणि लाकूड काढा.

तुमचं ५२ पौंडांचं धनुष्य वाया गेलेलं नाही. ताण ४० वर आणायला जाडी सुमारे ८ टक्क्यांनी कमी करावी लागेल, म्हणजे १३ मिमीच्या जागी साधारण १ मिमी. कानस नको, स्क्रेपर घ्या. दोन्ही बाहूंवर टोकापासून टोकापर्यंत सारख्या संख्येने हात फिरवा आणि प्रत्येक फेरीनंतर मोजा.

प्रश्न: मग मापं देताना नेमकं काय काय लिहायचं? कोणी फक्त ‘६६ इंच, ४० पौंड, ॲश’ लिहितं, तर कोणी पाच पानं.

पाच पानं नकोत, एक पान पुरतं. मात्र त्यावर प्रत्येक आकडा कुठून आणि कसा घेतला ते हवं. समजायला सोपं जावं म्हणून एक नमुना भरून दाखवतो.

हिकरी, सरळ फळीतून, पाठीवर एकच वर्षवलय टोकापासून टोकापर्यंत अखंड. लांबी खाचेपासून खाचेपर्यंत पाठीवरून १६८ सेंमी, टोक ते टोक १७० सेंमी. मूठ १० सेंमी, दोन्हीकडचे उतार ५-५ सेंमी, हा मधला २० सेंमी भाग वाकत नाही. उरलेला प्रत्येक बाहू ७४ सेंमी वाकतो. रुंदी उतारापासून ३५ सेंमीपर्यंत ४० मिमी कायम, तिथून सरळ रेषेत खाचेजवळ १२ मिमीवर. छेद आयताकृती, पोटाच्या कडा सुमारे ३ मिमी त्रिज्येने गोल केलेल्या. जाडी उताराच्या टोकापासून ५ सेंमीवर १३.० मिमी, २० वर १२.२, ३५ वर ११.२, ५० वर १०.४, ६५ वर १०.५. दोरी न चढवता धनुष्याचं वजन ५७० ग्रॅम. दोरी डॅक्रॉनची (पॉलिएस्टरच्या दोऱ्याची), १२ पदरी. ब्रेस, म्हणजे चढवलेली दोरी ते मुठीचा सर्वांत खोल भाग हे अंतर, १५ सेंमी. ताण १२ इंचांवर ९ पौंड, १६ वर १८, २० वर २५.५, २४ वर ३२.५, २६ वर ३६, २८ वर ४०. घडवण्याआधी फळी सरळ. आता दोरी उतरवल्याबरोबर बाक ४० मिमी, बारा तासांनी २८ मिमी.

यात जाडी जागेसकट दिली आहे हे बघा. ‘जाडी १२ मिमी’ एवढंच लिहिलं तर त्याचा कुणालाच उपयोग नाही. ५० सेंमीच्या पुढे जाडी कमी न होता किंचित वाढली आहे, ती चूक नाही. टोकाकडचा शेवटचा वीतभर भाग मुद्दाम ताठ ठेवला की त्याची रुंदी आणखी कमी करता येते आणि टोक हलकं होतं. असं काही मुद्दाम केलं असेल तर तसं लिहा, नाहीतर वाचणारा ती जागा ‘दुरुस्त’ करून बसेल.

वजन तर बहुतेक जण लिहीतच नाहीत. खरं म्हणजे स्वयंपाकघरातल्या काट्यावर अर्ध्या मिनिटात कळणारा हा आकडा पानभर वर्णनापेक्षा जास्त सांगतो. त्याच लांबीचं, त्याच ताणाचं, त्याच जातीच्या लाकडाचं तुमचं धनुष्य ७५० ग्रॅम भरलं, तर कुठेतरी न वाकणारं लाकूड उरलं आहे. बहुधा मुठीत किंवा टोकांकडे.

आणि एक आकडा जरूर द्या, बाहूचा वाक. १५ सेंमी लांबीची सरळ पट्टी ब्रेसला चढवलेल्या धनुष्याच्या पोटावर लावा आणि पट्टीच्या मध्याखाली किती फट दिसते ते फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी, मोजा. जाडी मोजलेल्या जागांवरच मोजा. वरच्या नमुन्यासारख्या बाहूत कामाच्या भागात ही फट सव्वा ते दीड मिमीच्या आसपास येते, टोकाच्या ताठ भागात पाव-अर्धा मिमी. हा आकडा लाकूड कडक की मऊ यावर अवलंबून नसतो. त्याच लांबीचं आणि त्याच आराखड्याचं धनुष्य दुसऱ्या कुठल्याही फळीतून केलं तरी बाहू तसाच वाकायला हवा. उसनं घ्यायचं तर हेच घ्यावं.

पट्टीच्या मध्यात भोक पाडून पेन्सिल घट्ट बसवली की तीच टिलरिंगलाही उपयोगी पडते. जिथे फट सर्वांत जास्त आहे तिथे पेन्सिलीचं टोक लाकडाला लागेल न लागेल असं बसवायचं आणि पट्टी पोटावरून सरकवत न्यायची. जिथे रेघ उमटते तिथे बाहू कमी वाकतो आहे, लाकूड तिथलं काढायचं. ताठ ठेवायच्या टोकावर अर्थातच रेघ उमटणार, ती सोडून द्या.

प्रश्न: एकाच धनुष्याचा ताण दोघांनी मोजला. एकाने ४० पौंड लिहिले, दुसऱ्याने ४३. दोघांचेही काटे ठीक आहेत.

ओढ कुठून मोजली ते विचारा. धनुर्विद्येचं साहित्य बनवणाऱ्यांच्या जुन्या प्रमाणानुसार, ज्याला अजूनही एएमओ म्हणतात, ओढ म्हणजे मुठीच्या सर्वांत खोल जागेपासून दोरीपर्यंतचं अंतर अधिक पावणेदोन इंच. काही जण पाठीपासून मोजतात. मूठ जाड असेल तर या दोन्हींत फरक पडतो. काही जण मुठीच्या पोटापासूनच २८ इंच मोजतात, म्हणजे प्रमाणापेक्षा पावणेदोन इंच जास्त ओढतात. शेवटच्या इंचांत दर इंचाला २ पौंड वाढतात असं धरलं तर साडेतीन पौंड तिथेच आले.

मोजताना धनुष्य आधी १५-२० वेळा अर्ध्या ओढीपर्यंत ओढून मोकळं करा. मूठ पक्की टेकवून कप्पीने ओढा, ताणकाटा वाचा आणि लगेच सोडा. ओढून धरलं की काटा हळूहळू उतरू लागतो आणि लाकडाला बाकही बसतो. काट्याची खात्री करायची तर बादली काट्याला लटकवून तिचं वजन वाचा आणि मग १० लिटर पाणी मोजून ओता. आकडा १० किलोंनी, म्हणजे २२ पौंडांनी वाढायला हवा. सामान तोलायच्या हुकाच्या डिजिटल काट्यांत सर्वांत मोठा आकडा धरून ठेवायची सोय असते. हिसका बसला की तो फुगलेला आकडा धरतो, तेव्हा ओढ संथ हवी.

एकच आकडा देण्यापेक्षा दर दोन इंचांचे आकडे द्या. त्यांची चाल बघूनच पुष्कळ कळतं. शेवटच्या दोन-तीन इंचांत वाढ २ वरून साडेतीन-चार पौंडांवर गेली तर धनुष्य ओढीच्या मानाने आखूड आहे, किंवा टोकांकडे फार वाकतं आहे. उलट वाढ मध्येच कमी होऊ लागली, २ वरून सव्वावर आली, तर हातातलं काम थांबवा. लाकूड दबू लागलं आहे. त्यापुढे प्रत्येक इंच बाकात जमा होतो.

प्रश्न: बाक किती हे लिहायला संकोच वाटतो. तो लिहिलाच पाहिजे का?

हो, आणि खरा लिहा. ४० पौंडांची दोन धनुष्यं, एकाला २५ मिमी बाक आणि दुसऱ्याला ८० मिमी, ही कामाने सारखी नसतात. दुसऱ्याच्या दोरीला ब्रेसवर ताणच कमी असतो, सुरुवातीच्या इंचांत बळ भरत नाही आणि बाण मंद जातो.

मोजायचं असं. मुठीची पाठ सरळ भिंतीला टेकवा आणि दोन्ही टोकं भिंतीपासून किती पुढे आली ते मोजून सरासरी घ्या. तीनदा मोजा: पहिल्यांदा वाकवण्याआधी, दहा-बारा बाण मारून दोरी उतरवल्याबरोबर, आणि बारा तासांनी. पहिला आकडा विसरला की बाकीच्या दोहोंना अर्थ उरत नाही. फळी मुळातच २० मिमी पाठीकडे झुकलेली होती आणि आता सरळ आहे, तर बाक शून्य नाही, २० मिमी आहे.

सरळ फळीच्या धनुष्याला २५ ते ४० मिमी बाक आला तर काम चांगलं झालं म्हणायचं. ६०-७०च्या पुढे गेला तर कारण शोधा. लाकूड ओलं होतं, बाहू एकाच जागी जास्त वाकत होता, रुंदी कमी पडली, किंवा टिलरिंग करताना धनुष्य ओढून ठेवून न्याहाळत बसलात. बाक कुठे बसला तेही लिहा. उताराजवळ बसलेला थोडासा बाकही टोकाशी कितीतरी मोठा दिसतो.

प्रश्न: आराखडा यूचा आहे, माझ्याकडे ॲश आहे. मापं कशी बदलायची?

यू फार वाकूनही सावरतो. त्यामुळे त्याचं धनुष्य अरुंद आणि जाड, ‘डी’ आकाराच्या छेदाचं करता येतं. ॲश, एल्म, मेपल, हिकरी ही लाकडं पाठीकडचं ताणलं जाणं चांगलं सोसतात, पण पोटाकडच्या दाबाला यूइतकी तयार नसतात. त्यांना रुंद आणि चपटं करावं लागतं. डेन्मार्कमधल्या होल्मेगार्डच्या दलदलीत १९४४ मध्ये मिळालेलं अश्मयुगातलं धनुष्य एल्मचं आहे, आणि त्याचे बाहू रुंद आणि चपटेच आहेत.

तत्त्व असं. लांबी आणि ओढ ठरली की बाहूचा वाक ठरतो. तेवढ्या वाकात वरचा आणि खालचा थर किती ताणला-दाबला जाणार हे जाडीवर ठरतं. वरच्या नमुन्यात पूर्ण ओढीला बाहू साधारण ७३ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ धरतो. १३ मिमी जाडीला पाठीचा थर जवळपास ०.९ टक्के ताणला जातो आणि पोटाचा तेवढाच दाबला जातो. बहुतेक लाकडांना हे मर्यादेजवळचंच आहे. दबणाऱ्या लाकडात जाडी १० टक्क्यांनी उतरवा, आणि ताण तोच हवा तर रुंदी १.३७ पट करा, कारण ०.९ चा घन ०.७३ येतो. ४० मिमीचे ५५ मिमी. म्हणजे जाडी लाकडाला सोसेल तेवढी ठेवायची आणि ताण रुंदीतून मिळवायचा.

घनता मोजून घ्या. फळीच्या उरलेल्या तुकड्यातून २ बाय २ बाय १० सेंमीचा ठोकळा कापा. त्याचं घनफळ ४० घन सेंमी. तो ३२ ग्रॅम भरला तर घनता ०.८०, आणि ४०-४५ पौंडांसाठी ३८-४० मिमी रुंदी पुरते. २६-२८ ग्रॅम भरला तर ४५ ते ५० मिमी. २२-२४ भरला तर ५५ मिमी किंवा जास्त, आणि लांबीही ५ सेंमी वाढवा. यू हलका असूनही या हिशेबात बसत नाही, त्याला वेगळा समजा.

यूबद्दलच आणखी एक. १५४५ मध्ये बुडालेलं ‘मेरी रोझ’ हे इंग्रजी जहाज १९८२ मध्ये वर काढलं. त्याबरोबर मिळालेल्या यूच्या धनुष्यांपैकी १३७ अखंड आहेत. लांबी, रुंदी, जाडी सगळी मोजता आली. तरी मूळ ताणाचे अंदाज सुमारे १०० ते १८५ पौंड असे पसरलेले आहेत. त्यातला काही फरक धनुष्यांचा आहे. पण मापं हातात असूनही ‘अंदाज’च करावा लागला, कारण त्या त्या लाकडाचा कडकपणा नुसत्या मापांतून निघत नाही.

प्रश्न: कोरड्या दिवसांत ४० पौंडांचं धनुष्य पावसाळी हवेत ३६-३७ दाखवतं. बिघडलं का?

नाही, लाकडाने पाणी घेतलं. हवेतली आर्द्रता बराच काळ ५० टक्के राहिली की लाकडात सुमारे ९ टक्के पाणी राहतं, ६५ टक्क्यांवर १२, ८० टक्क्यांवर १६. धनुष्याला ८ ते १० टक्के उत्तम. त्याहून ओलं लाकूड बाक धरतं, ६ टक्क्यांखाली गेलेलं पाठीतून तडकतं. मापांबरोबर पाण्याचं प्रमाण लिहा. त्याच फळीचा २०-३० ग्रॅमचा तुकडा तोला, १०३ अंश सेल्सिअसच्या भट्टीत दोन वजनं सारखी येईपर्यंत वाळवा, आणि घटलेलं वजन वाळलेल्या वजनाने भागा. वॉर्निशने पाणी शिरणं मंदावतं, थांबत नाही.

प्रश्न: फोटो पाठवला तर जाणकार म्हणतात, ‘यावरून सांगता येणार नाही.’ फोटो कसा काढायचा?

कॅमेरा मुठीच्या उंचीवर, धनुष्याच्या वाकाच्या बरोबर काटकोनात आणि ४-५ मीटर दूर. जवळ जाऊन काढला तर भिंग कडेच्या टोकांना ओढतं आणि टोकं जास्त वाकलेली दिसतात. दूर उभं राहून झूम करा. मागे साधी भिंत हवी, शक्य तर त्यावर उभ्या-आडव्या रेघा. तीन फोटो लागतात: दोरी उतरवलेला, ब्रेसचा आणि पूर्ण ओढीचा. तिसरा टिलरिंगच्या खांबावर काढा, म्हणजे मूठ खांबाच्या बैठकीवर आणि दोरी खालच्या कप्पीतून. हातात ओढून काढलेल्या फोटोत धनुष्य तिरकं होतं आणि एक बाहू ताठ असल्याचा भास होतो. वरचा बाहू कोणता ते चिठ्ठी चिकटवून दाखवा. तिन्ही बोटं बाणाच्या खाली ठेवून ओढणाऱ्यांच्या आणि दोन बोटांमध्ये बाण धरणाऱ्यांच्या टिलरमध्ये फरक असतो, तेव्हा पकड कोणती तेही लिहा. दोन बोटांमध्ये बाण धरत असाल तर खालचा बाहू थोडा ताठ ठेवतात. ब्रेसला दोरीपासून उतारापर्यंतचं अंतर वरच्या बाजूला ३ ते ६ मिमी जास्त येतं.

प्रश्न: मोडलेल्या धनुष्याची मापं कोणाला देऊन काय उपयोग?

आमच्या मते सगळ्यात मोलाची मापं तीच. टिकलेल्या धनुष्यावरून इतकंच कळतं की मर्यादा याच्या पुढे कुठेतरी आहे. ती नेमकी कुठे, ते मोडलेलं सांगतं. म्हणून तुकडे जाळण्याआधी बसून बघा.

पाठीवरून ढलपा उचलला असेल तर त्याच्या बुडाशी लाकडाच्या तंतूंच्या रेषा कुठे जातात ते बघा. फळीच्या कडेवर रेषा तिरक्या होत पाठीवर बाहेर पडत असतील, तर दोष आराखड्याचा नाही, फळीच्या निवडीचा आहे. १५ सेंमी लांबीत रेषा १ सेंमीहून जास्त सरकली असेल तर ती फळी धनुष्यालायक नव्हतीच. रेषा सरळ असून पाठ तुटली असेल, तर लाकूड फार कोरडं होतं, किंवा कानशीचा आडवा ओरखडा पाठीवर राहिला होता, किंवा पाठीची कड तीक्ष्ण होती. कडा गोल केल्या होत्या का, हे म्हणूनच मापांत लिहायचं.

पोटावर आडव्या, केसासारख्या बारीक सुरकुत्या दिसतात का ते तिरप्या उजेडात बघा. त्या दाबाने लाकडाचे तंतू मोडल्याच्या खुणा. बहुधा दोन-तीन सेंमीच्या पट्ट्यात एकवटलेल्या असतात, आणि तिथे जाडी मोजली तर शेजारपेक्षा अर्धा-पाऊण मिमी कमी निघते. बाहू तिथे बिजागरीसारखा वाकत होता. सुरकुत्या सगळ्या बाहूभर पसरलेल्या असतील तर टिलर चांगला होता, पण आराखडाच अरुंद किंवा आखूड होता. हा फरक दुसऱ्याला सांगितलात तर त्याची फळी वाचते.

गाठीपाशी मोडलं असेल तर गाठीचा व्यास आणि ती कडेपासून किती अंतरावर होती ते लिहा. मूठ चिकटवलेली असून उताराशी सुटली असेल तर उताराची लांबी आणि गोंद लिहा. बहुतेक वेळा उतार फार आखूड असतो आणि चिकटवलेला ठोकळा वाकायला लागतो. शेवटी, मोडण्याआधी धनुष्य किती ओढीपर्यंत गेलं होतं, किती बाण मारले होते आणि बाण न लावता दोरी कधी सुटली होती का, हेही लिहा. बाण नसताना दोरी सोडली की सगळी साठवलेली शक्ती लाकडावरच येते. त्या एका सुटलेल्या दोरीने पडलेली चीर कधीकधी शंभर बाणांनंतर उघडते, आणि दोष विनाकारण आराखड्यावर जातो.

प्रश्न: दुसऱ्याच्या आराखड्यात बदल करून पुढे दिला तर चालतं का?

ज्याने दिला त्याला विचारून, त्याचा उल्लेख ठेवून, आणि काय बदललं ते वेगळं लिहून. प्रत्येक आकड्यापुढे ‘मोजलेलं’, ‘ठरवलेलं’ किंवा ‘अंदाज’ असा शब्द घाला. कागदावर काढलेला पण अजून कोणी न घडवलेला आराखडा तसं स्पष्ट लिहून द्यावा. नवखा माणूस त्यावर महागाची फळी तासायला बसतो.

प्रश्न: हाच नमुना बारा वर्षांच्या मुलासाठी लहान करायचा आहे. सगळी मापं पाऊणपट केली तर?

चालेल, आणि हिशेब चोख बसतो. लांबी, रुंदी, जाडी, ओढ सगळं एकाच प्रमाणात लहान केलं की लाकडावरचा भार तेवढाच राहतो आणि ताण त्या प्रमाणाच्या वर्गाने उतरतो. ०.७५ चा वर्ग ०.५६. म्हणजे १६८ सेंमीचे १२६, ४० मिमीचे ३०, उताराजवळची १३ मिमी जाडी पावणेदहा, ओढ २८ ऐवजी २१ इंच, आणि ताण ४० ऐवजी साडेबावीस पौंड. नवशिक्या मुलाला हा जास्त आहे. १८ पौंडांवर आणायचं तर जाडीला हात न लावता रुंदी ३० ची २४ मिमी करा. लाकडावरचा भार तोच राहतो.

दोन जागी पाऊणपट करू नका. मुठीची १० सेंमी लांबी साडेसातवर आणली तर हात नीट बसत नाही. ती साडेआठ-नऊ ठेवा आणि जेवढी वाढवली तेवढी एकूण लांबी वाढवा, नाहीतर वाकणारा भाग आखूड होईल. टोकांची रुंदी पाऊणपटीने ९ आणि ३० ची २४ केल्यावर त्याच हिशेबाने ७ मिमी येते, ती ९-१० ठेवा, कारण खाच कोरल्यावर लाकूड उरायला हवं आणि मुलं धनुष्य टोकावर टेकवून उभी राहतात. दोरी ८ पदरी पुरते, पण ती इतकी बारीक होते की बाणाच्या खाचेत सैल बसते आणि बाण दोरीवरून घसरतो. मग दोरी रिकामीच सुटते. जिथे बाण लागतो तिथे दोऱ्याचं वेष्टण दुहेरी गुंडाळा आणि बाण उलटा टांगून बघा. स्वतःच्या वजनाने लटकून राहिला पाहिजे आणि दोरीवर बोटाने टिचकी मारली की सुटला पाहिजे.